कानामागची डबी

नवी वस्तू पहिल्याच वर्षी घेणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर नवा जावई, असं मालनबाई मगदुमांचं मत होतं. आणि मालनबाईंचं मत एकदा झालं की कोनवडी गावात ते खोडायला ग्रामपंचायतही धजत नसे. नवं बेणं आधी शेजाऱ्याच्या रानात बघावं. नवा डॉक्टर आधी जावेच्या दुखण्यावर बघावा. शाळा चौथीत सुटली, पण आजूबाजूची सगळी गुऱ्हाळं थंडावली तरी मगदुमांचं चुलाण अजून पेटतंय, ते काय पुस्तक वाचून?

म्हणून मिरजेहून निगार मुजावर नवा प्रोसेसर घेऊन आली तेव्हा मालनबाईंनी तिला तांब्याभर पाणी दिलं, पण बस म्हटलं नाही.

"आला का तुमचा नवा माल?"

"माल नव्हे हो मावशी." निगार आपणहूनच सोप्याच्या कट्ट्यावर टेकली. मिरजेच्या वाचा-केंद्रात ती गेलेली वाचा परत आणायचं काम करायची, आणि दर दोन महिन्यांनी मालनबाईंच्या नवऱ्याची, आप्पासोंची, कानामागची डबी तपासायला यायची. "काकांसाठी आहे. ह्याची वाट बघत होते मी."

आप्पासो मगदूम चाकाच्या खुर्चीत बसले होते. एके काळी पंचक्रोशीतला पहिला गुळव्या. उसाचा रस काहिलीत, त्या भल्या मोठ्या कढईत, उकळत असताना नुसत्या नजरेनं आणि वासानं ओळखायचे, की आता. आता म्हणजे आताच. जरा आधी काहील उतरवली तर गूळ धरत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. गुळव्या 'उतरवा' म्हणाला की सहा माणसं एकदम हलतात. त्याच्या शब्दाशिवाय कुणी बोटही लावत नाही.

सहा वर्षांपूर्वी मेंदूच्या बुडाशी रक्ताची गाठ अडकली, आणि एका दुपारीत हात, पाय, तोंड, जीभ सगळं बंद पडलं. डोकं मात्र लख्ख राहिलं. "पुरात पूल जातो, पण अलीकडं गाड्या उभ्याच असतात, तसं झालंय," असं निगारनं तेव्हा समजावलं होतं. बोलायचा हुकूम मेंदूतून सुटतो, जिभेपर्यंत पोचत नाही. मग मिरजेच्या डॉक्टरांनी कवटीच्या आत, ओठ आणि जीभ हलवणाऱ्या भागावर, केसाहून बारीक तारांची जाळी अंथरली. हुकूम तिथंच पकडायचा आणि कानामागं लोहचुंबकानं चिकटवलेल्या प्रोसेसरकडं पाठवायचा. त्यानं त्याचे शब्द करायचे आणि खुर्चीला लावलेल्या स्पीकरमधून बोलायचं. आवाज त्यांचाच, धनाजीच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नाच्या व्हिडिओतून उचलला होता. म्हणून आप्पासो चहा मागायचे तेव्हासुद्धा पाहुण्यांचं स्वागत करत असल्यासारखं वाटायचं.

प्रोसेसर हा शब्द मालनबाईंच्या जिभेवर कधी बसला नाही. त्यांच्यासाठी ती चिंचोक्याएवढी वस्तू म्हणजे डबी. ती डबी जुनी, अशक्त. दहांतले चार ध्वनी तिला धड कळायचे. बाकीचे सहा ती अंदाजानं भरायची. समोरच्यानं काय विचारलं ते ऐकायचं, अशा वेळी हा माणूस एरवी काय म्हणतो ते आठवायचं, आणि वाक्य पुरं करायचं. अंदाज बरोबर की चूक हे सांगायला घरातल्या एका माणसाच्या हाती दोन बटणं दिली होती. हिरवं दाबलं की अंदाज पक्का, लाल दाबलं की पुसट. लहान लेकराला बोलायला शिकवतात तसंच.

ती बटणं मालनबाईंच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात. "ह्यांच्या मनातलं मला कळणार न्हाई तर काय तलाठ्याला?"

"मावशी, नीट ऐका," निगार म्हणाली. "जाळीतल्या तारांवर मेंदू हळूहळू साय धरतो. चौसष्ट तारा घातल्या होत्या. आज चाळीस जिवंत आहेत, आणि आता त्या भराभर चालल्यात. ह्या नव्या प्रोसेसरला निदान तीस लागतात. आज बसवला तर चालेल. पुढच्या वर्षी कदाचित नाही."

"आणि पुढच्या वर्षी आणखी नवा निघंल, त्याचं काय?"

"निघणार आहे. तो पंधरा तारांवरसुद्धा चालेल." खोटं बोलायचं नाही, असं ठरवून आल्यासारखी निगार बोलत होती. "कारण तो जुन्या डबीचं शिकलेलं सगळं सोबत घेणार. काका आज जसे बोलतात तसेच बोलत राहतील."

"मग झालं की! हा कशाला?"

"हा अंदाज करत नाही. ह्याची ताकद जुन्याच्या हजारपट आहे. काका मनात जो ध्वनी काढतील तोच ऐकतो, तेवढाच बोलतो. बटण नाही. पण जुनं शिकलेलं पुसून पहिल्यापासून सुरुवात. वीस-बावीस दिवस काका गप्प राहतील. आणि दहांतल्या दोघांना तो लागूच होत नाही."

"त्या दोघांना मग जुनी डबी परत?"

"नाही. एकदा जुळणी बदलली की जुनी डबी जाळीला ओळखत नाही."

मालनबाईंनी हात झटकले. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला मी काय निवडणुकीला उभी न्हाई."

सून उज्ज्वला दारात उभी होती. "आत्ती, मामांना तरी विचारा की."

"इचारते. त्यांच्याबिगर मी कधी काय केलंय?" मालनबाई खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिल्या. "अवं, ऐकलं न्हवं? आता बसवायची का पुढच्या वर्षीची बघायची?"

स्पीकर खरखरला. "थांबू की. घाई कशाला? तू म्हणतीस तेच बरोबर."

मालनबाईंनी हिरवं दाबलं. "झालं समाधान?"

निगार स्पीकरकडं बघत नव्हती. ती आप्पासोंच्या चेहऱ्याकडं बघत होती. "मावशी, काकांचे डोळे..."

"काय डोळे?"

"काही नाही. महिनाअखेरपर्यंत सांगा. तोवर हा मी दुसऱ्या कुणाला देत नाही."

चार दिवसांनी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, मालनबाई सोप्यात भेंडीची झाडं ठेचत बसल्या होत्या. रसातली मळी वर यायला काहिलीत भेंडीचं पाणी टाकतात, त्याची तयारी. हाताबरोबर तोंड चालू होतंच.

"तुमची सून आज परत रोपवाटिकेचं काढत हुती. चार वर्सं झाली, अजून डोक्यातनं जाईना. तवाच तुम्ही सांगितलंय, सुनेनं गुऱ्हाळ सोडून जायचं न्हाई म्हणून. खरं का न्हाई?"

"तुझं खरं हाय," आप्पासो म्हणाले.

"मग? मी काय वाईट सांगते?"

"तू हाईस म्हणून घर हाय."

मालनबाई खूश झाल्या. हिरवं दाबायला त्यांनी ओला हात पदराला पुसला आणि सहज मान वर केली. आप्पासोंची मान एका बाजूला कलली होती. तोंड उघडं. ते घोरत होते.

हातातला दगड हातातच राहिला.

"अवं," त्या हळूच म्हणाल्या. "झोपलाय काय?"

"न्हाई, न्हाई. जागाच हाय," स्पीकर म्हणाला. खाली आप्पासो घोरत होते.

मालनबाईंनी दगड खाली ठेवला. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"जेवलाय का?"

"पोटभर."

"मी... मी कशी दिसते?"

"लक्ष्मीवाणी."

हे उत्तर त्यांनी गेल्या सहा वर्षांत किती वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी हिरवं किती जोरात दाबलं होतं! त्या उठल्या, परड्यात गेल्या, कडुनिंबाच्या बुंध्याशी उभ्या राहिल्या, परत आल्या. परत गेल्या. शेवटी गोठ्यामागं जाऊन निगारला फोन लावला.

"पोरी, एक सांग. माणूस झोपलेला असताना डबी बोलती काय?"

"झोपेतही मेंदूत खळखळ चालू असते मावशी. डबीला ती हुकुमासारखी वाटू शकते. मग ती समोरच्याचं ऐकते आणि उरलेलं अंदाजानं भरते. म्हणूनच झोपेत बंद व्हायची सोय ठेवली होती. उठल्यावर चालू व्हायला पाच मिनिटं लागतात म्हणून तुम्ही ती काढायला लावलीत."

"म्हणजे अंदाज कुणाचा?"

"ज्यानं हिरवं दाबलं त्याचा."

मालनबाईंनी फोन ठेवला. असल्या पोरींना कोण शिकवतं एवढं सरळ बोलायला?

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. सहा वर्षांत त्यांनी दोन लाखांच्या वर वेळा तरी बटण दाबलं असेल, आणि लाल किती, तर बोटावर मोजण्याइतकं. त्या आठवू लागल्या की कापसातलं सूत निघावं तसं एकेक निघत गेलं. धाकट्या दिराला बांध कोरल्याबद्दल आप्पासोंनी झापलं होतं. ते आप्पासोंनी, का? जावयाला यात्रेचं बोलावणं नको, असं कोण म्हणालं? आणि ती रोपवाटिका. उज्ज्वला शेतकीचं शिकलेली, शिरोळजवळच्या उसाच्या रोपवाटिकेत तिला बोलावणं होतं. मामा नको म्हणाले म्हणून तिनं पदर खोचला आणि चुलाणाकडं वळली, एका शब्दानं बोलली नाही. सासू नको म्हणाली असती तर भांडली असती. सासऱ्याचा शब्द तिनं पाळला.

आता दोन वाटा होत्या आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होत्या. थांबलं तर पुढच्या वर्षी नवी डबी येईल, जुनं सगळं गिळून. नवरा म्हणेल, तू लक्ष्मी. मरेपर्यंत म्हणेल. आज बदललं तर एकतर तो कायमचा मुका, नाहीतर... नाहीतर त्याच्या तोंडून काय निघेल ते आई अंबाबाईलाच ठाऊक.

त्यांनी बोलणंच कमी केलं. त्या गप्प राहिल्या की डबीही गप्प राहायची.

"आत्ती, बरं न्हाई काय?" उज्ज्वलानं विचारलं. "सकाळपासनं कुणाला शिवी न्हाई."

"घसा बसलाय."

"तुमचा?" उज्ज्वलाला हसू आवरलं नाही. "डॉक्टरांना नको, पेपरवाल्यांना बोलवा."

एरवी ह्याला त्यांनी ताडकन उत्तर दिलं असतं. आज नुसतं बघितलं. उज्ज्वलाचं हसू मावळलं.

मनात एक खुंटी मात्र शिल्लक होती. गूळ. सहा हंगाम आप्पासो खुर्चीत काहिलीशेजारी बसत होते, डबी 'उतरवा' म्हणत होती, आणि मगदुमांच्या गुळाला नाव होतं. 'आप्पासोची जीभ गेली, नजर न्हाई गेली,' असं गाव म्हणायचं. बाकी सगळं खोटं असलं तरी हे खरं असायला हवं होतं. गुळव्याचं काम बाईनं केल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, आणि मालनबाईंना काहिलीतलं काय कळतंय! त्या नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या, वास बदलला की पुटपुटायच्या, 'आली, आली,' आणि हिरव्यावर अंगठा ठेवायच्या.

बघायचंच एकदा, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी चारच्या सुमाराला तिसरी काहील रंगात आली. चुलाणात चिपाडं धडधडत होती. मोठे बुडबुडे बारीक झाले, मग जड, मग लाह्या फुटल्यासारखे फटफटू लागले. पांढरी वाफ पिवळी झाली. धनाजी आणि गडी काहिलीच्या कडांना दांडे लावून वाट बघत उभे होते. मालनबाई आज काहिलीकडं पाठ करून, तोंडात पदराचा बोळा धरून, भिंतीकडं बघत होत्या.

वास बदलला. त्यांच्या नाकाला कळलं. अंगठा आपोआप कमरेकडं गेला, तो त्यांनी मुठीत दाबला.

डबी बोलली नाही.

"आप्पा?" धनाजीनं हाक मारली. "उतरवू?"

स्पीकर खरखरला. "तुझ्या आईला इचार."

गड्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. मालनबाईंनी गर्रकन वळून बघितलं, डबीकडं नाही, नवऱ्याकडं. गेल्या सहा वर्षांत प्रथमच त्या त्याच्या तोंडाकडं अशा बघत होत्या. आप्पासोंचा चेहरा लाल झाला होता. कपाळावरची शीर टरारली होती. डोळे काहिलीवर खिळलेले, आणि पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, मिटत होत्या. डोळ्यांतून पाण्याची धार. वाफेनं नव्हे. तो माणूस ओरडत होता. आत, तोंडाच्या मागं, जिवाच्या आकांतानं तो 'उतरवा, उतरवा' ओरडत होता, आणि कानामागची चिंचोक्याएवढी डबी त्याच्या बायकोच्या बोलण्याची वाट बघत होती.

"उतरवा!" मालनबाई किंचाळल्या.

काहील उतरली. पण उशीर झाला होता. गूळ काळा पडला आणि त्याचा करपट वास संध्याकाळपर्यंत शिवारात रेंगाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनबाईंनी सगळ्यांना सोप्यात बोलावलं. डबीचा स्पीकर त्यांनी आधीच बंद केला होता. त्या आप्पासोंच्या समोर पाटावर बसल्या. हे दृश्य नवीन होतं. एरवी त्या उभ्यानं बोलायच्या आणि बाकीचे बसून ऐकायचे.

"एकदाच सांगते. परत इचारायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सहा वर्सं ही डबी बोलत हुती ते तुमचा बा बोलत नव्हता. मी बोलत हुते. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालंय."

धनाजीनं तोंड उघडलं.

"इचारायचं न्हाई म्हटलं न्हवं?"

उज्ज्वलानं मात्र विचारलंच. हळू आवाजात, पण विचारलं. "रोपवाटिकेचंबी, आत्ती?"

मालनबाईंनी मान खाली घातली. सुनेनं सासूची खाली गेलेली मान प्रथमच पाहिली. ती आत निघून गेली. आतून पातेलं जोरात आपटल्याचा आवाज आला.

मग त्या नवऱ्याकडं वळल्या. आजारपणाच्या पहिल्या महिन्यांत, डबी यायच्या आधी, ते डोळ्यांनी बोलायचे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. डबी आली आणि डोळ्यांकडं बघायचं कुणालाच कारण उरलं नाही.

"अवं," त्या म्हणाल्या. "ती निगार म्हणती, आता बदलली तर तुमचं तुम्हाला बोलता येईल. पण दहांतल्या दोघांचं सगळंच जातंय. थांबलो तर हाय हे चालू राहील. बदलायची? मी काय सांगत न्हाई. माझ्याकडं बघू नका."

आप्पासोंनी त्यांच्याकडंच बघितलं. डोळे एकदा मिटले. इतके घट्ट आणि इतका वेळ, की धनाजीला वाटलं झोपलेच. मग उघडले. आणि उघडेच राहिले.

"आत्ता?" मालनबाईंनी विचारलं.

एकदा.

मिरजेत डबी बदलायला नथ काढून दुसरी घालायला लागतो तेवढा वेळ लागला. जुनी डबी निगारनं एका पाकिटात घालून मालनबाईंसमोर धरली. त्यांनी हात मागं घेतला. "तुमच्यापाशीच ठेवा. लई गोड बोलती ती."

मग सुरू झाले मुके दिवस. निगारनं शब्दांची यादी दिली होती. रोज सकाळ-संध्याकाळ उज्ज्वला एकेक शब्द मोठ्यानं वाचायची, आप्पासो तो मनात म्हणायचे, डबी नुसती ऐकायची. पाणी. पान. पाय. मीठ. माती. मालनबाईंना खोलीत बसायला परवानगी होती, बोलायला नव्हती. उज्ज्वला सासूशी कामापुरतंच बोलत होती, आणि ते मालनबाई गिळत होत्या. गिळायची सवय नसल्यामुळं त्यांना रोज पित्त व्हायचं.

सातव्या दिवशी काही नाही. बाराव्या दिवशी स्पीकरमधून भिजलेली काडी ओढावी तसा एक आवाज आला, आणि संपला. पंधराव्या दिवशी तोही नाही. निगारनं येऊन तारा मोजल्या. अडतीस.

"मागल्या वेळी चाळीस हुत्या," मालनबाई म्हणाल्या.

"हो."

"थांबायला पायजे हुतं."

"मावशी, काकांनी ठरवलं ना?"

"त्यांनी ठरवलं म्हणून काय झालं? त्यांनी एकदा म्हस पण ठरवली हुती, शिंगं बघून!" बोलल्यावर त्यांना रडू फुटेल असं वाटलं, म्हणून त्या म्हशीला शिव्या देत गोठ्याकडं गेल्या.

विसावा दिवस गेला. बाविसावा गेला. दहांतल्या दोघांचा हिशोब मालनबाई अंथरुणातून उठता-बसता करत होत्या. तेविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची अंगणात उन्हाला लावली आणि आपल्या गुडघ्याला तेल चोळत शेजारी बसल्या. बंदी मोडून त्या बोलू लागल्या. आता काय राहिलं होतं बंदी पाळण्यासारखं?

"संतू चुलवाण्या म्हणतोय ह्या वर्षी गूळ बंद करा, काकवीच इका. मी म्हटलं, तुला काय कळतंय, तू चिपाडं घाल. आता तुम्हीच सांगा..."

"पट्टा."

मालनबाई थांबल्या. आवाज तोच होता, लग्नाच्या व्हिडिओतला. पण आता त्यात पाहुणे नव्हते. कोरडा, तुटका, शब्दाशब्दामागं दम घेणारा.

"काय?"

"डावा. पाय. पट्टा... काढ."

खुर्चीच्या पायरीवर पाय घसरू नयेत म्हणून दोन पट्टे असत. मालनबाईंनी डावा सोडला. बक्कल टाचेच्या वर हाडाला लागून बसलं होतं. खालची कातडी काळी, जाड, जू घासलेल्या बैलाच्या खांद्यासारखी टणक झाली होती; आंघोळ घालताना सगळे तिला जुना घट्टा समजत आले होते.

"टोचतंय," आप्पासो म्हणाले. "सहा. वर्सं."

"मग सांगायचं न्हाई व्हय?" त्या सवयीनं फटकन बोलून गेल्या.

"सांगत. हुतो," आप्पासो म्हणाले. "रोज."

मालनबाईंनी पाय मांडीवर घेतला. आवाज ऐकून उज्ज्वला पिठाच्या हातांनी धावत आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"उज्ज्वला." नव्या डबीला तिचं नाव जड जात होतं. "रोपं. जा. मी तवाच... व्हय. म्हटलं हुतं."

उज्ज्वलानं सासऱ्याकडं बघितलं, मग सासूकडं.

"माझ्याकडं काय बघतीस?" मालनबाई म्हणाल्या. "त्यांनी सांगितलंय न्हवं? फोन लाव. जागा हाय का बघ. आधी ते पीठ पूस, फोनला लागंल."

उज्ज्वला आत गेली. मालनबाईंनी तेलाची वाटी जवळ ओढली आणि टाचेला तेल लावायला सुरुवात केली. मग त्यांनी विचारलंच. पायाकडं बघत, जसं काही पायालाच विचारतायत.

"आणि गूळ? सहा वर्सं... लई बिघडला असंल."

आप्पासोंनी दम घेतला. एकदा, दोनदा. "दोन. काहिली. चुकल्या."

"दोनच?"

"तिसरी. त्या. दिवशीची."

"ती मी मुद्दाम..."

"म्हाईत हाय."

मालनबाईंच्या हाताला मध्येच खीळ बसली. सहा हंगामांत दोन. खुद्द आप्पासोंच्या सुद्धा ह्यापेक्षा जास्त चुकायच्या, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. पण ते आज उच्चारायचं नाही एवढी अक्कल मालनबाईंना होती. निदान दुपारपर्यंत तरी.

"जरा. वर," आप्पासो म्हणाले.

त्यांनी अंगठा वर सरकवला. "हितं?"

"न्हाई."

तो शब्द त्यांना चावला. सहा वर्षांत त्या घरात कुणी त्यांना तो म्हटला नव्हता. मालनबाईंची मान ताठ झाली, भुवया वर गेल्या.

"मग कुठं? नीट सांगा की! का आता मीच वळखायचं?"

"खाली. आणि..." स्पीकर थांबला. डबी अंदाज करत नव्हती, आप्पासोंना शब्द सापडेपर्यंत ती तशीच थांबून राहिली. "बोलू नको. जरा."

मालनबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि टाचेवरचा तो काळा डाग दोन्ही अंगठ्यांनी चेपायला लागल्या.